वार्षिक कायदेशीर सल्ला सेवा : लातूरच्या एका लघुउद्योजकाचा दोन वर्षांचा अनुभव

लातूरच्या औद्योगिक वसाहतीत आमचा पत्राकामाचा छोटा कारखाना आहे. डाळ मिलला लागणाऱ्या चाळण्या, एलिव्हेटरच्या बादल्या, हॉपर आणि धूळ ओढणारी नळकांडी आम्ही बनवतो. मी आणि माझे मेहुणे असे दोन भागीदार, सात कामगार, आणि गिऱ्हाईक उदगीरपासून जालना-हिंगोलीपर्यंत पसरलेले. जून २०२३ पासून आम्ही शहरातील एका वकिलांच्या कार्यालयाकडून वार्षिक सल्ला सेवा घेत आहोत. दोन वर्षे पूर्ण झाली असून तिसरे सुरू आहे, तेव्हा ज्यांच्या मनात अशी सेवा घ्यावी की नाही असा प्रश्न असेल त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. कार्यालयाचे नाव देत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार वकिलांना जाहिरात करण्यास मनाई आहे, आणि माझ्या कौतुकाने त्यांची जाहिरात होऊ नये तसेच माझ्या तक्रारींनी त्यांना कमीपणा येऊ नये, एवढाच त्यामागचा हेतू आहे.

सेवेचे स्वरूप असे : पहिल्या वर्षी अठरा हजार रुपये, दोन हप्त्यांत. त्यात महिन्यातून एक प्रत्यक्ष भेट, फोनवर विचारणा, वर्षभरात बारा कागदपत्रांची तपासणी किंवा मसुदा आणि सहा नोटिसा. न्यायालयातील काम वेगळे आणि त्याची फी वेगळी. वकील साहेब साठीच्या पुढचे आहेत आणि बहुतेक मसुदे त्यांच्या सहकारी वकील मॅडम करतात.

आम्ही त्यांच्याकडे सल्ला घ्यायला गेलो नव्हतो, वसुलीसाठी गेलो होतो. शेजारच्या जिल्ह्यातील एका डाळ मिलकडे आमचे चार लाख अठरा हजार रुपये अडकले होते. नोव्हेंबर २०२१ ते ऑगस्ट २०२२ या काळातील नऊ बिले होती आणि प्रत्येक फोनला “भाऊ, हंगाम सुरू होऊ द्या” हे एकच उत्तर मिळत होते. आमची समजूत अशी होती की वकिलाची नोटीस गेली की पैसे येतात. वकील साहेबांनी नोटिशीचा विषयच काढला नाही. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या : भागीदारी संस्थेची नोंदणी झाली आहे का, मागणी लेखी होती का, आणि माल पोचल्याची सही घेतलेली आहे का. तिन्ही प्रश्नांना आमचे उत्तर “नाही” असेच होते. भागीदारीचा करार केलेला होता, स्टॅम्प पेपरवर होता, नोटरीचा शिक्काही होता, आणि २०१६ पासून आम्ही तोच “रजिस्ट्रेशन” म्हणून बँकेला आणि लोकांना दाखवत आलो होतो.

भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ च्या कलम ६९ नुसार नोंदणी नसलेल्या भागीदारी संस्थेला करारातून निर्माण झालेला हक्क बजावण्यासाठी त्रयस्थाविरुद्ध दिवाणी दावा लावता येत नाही, ही गोष्ट आम्हाला सात वर्षे धंदा केल्यावर कळली. नोंदणी सक्तीची नाही, म्हणून कोणी विचारत नाही. आणि कोणी विचारत नाही म्हणून गरज वाटत नाही. दावा लावण्याची वेळ येते तेव्हा मात्र समोरचा वकील पहिला मुद्दा हाच काढतो. दावा दाखल केल्यानंतर नोंदणी करून हा दोष भरून निघत नाही, दाव्याच्या दिवशी संस्था नोंदलेली असावी लागते. आधी नोंदणी करून मग मुदतीच्या आत दावा लावला तर मात्र अडचण येत नाही. आमची नोंदणी ऑक्टोबर २०२३ पर्यंत झाली आणि तेच या सेवेचे पहिले काम होते. माझ्या ओळखीतल्या भागीदारी संस्थांपैकी किती नोंदलेल्या असतील, याचा विचार मी त्या दिवसापासून करत असतो आणि तो सुखाचा नाही.

मुदतीचा प्रश्न दुसरा होता. मुदत अधिनियम, १९६३ प्रमाणे अशा येणे रकमेच्या दाव्यासाठी साधारण तीन वर्षांची मुदत असते, म्हणजे आमच्या पहिल्या बिलाची घटका नोव्हेंबर २०२४ मध्ये भरत होती. यावर वकील साहेबांनी सुचवलेला उपाय इतका साधा होता की त्याचे पैसे घ्यावेत असे त्यांनाही वाटले नसावे. त्यांनी आम्हाला खातेउतारा तयार करायला लावला, खाली “वरील बाकी मान्य आहे” एवढी एक ओळ टाकायला सांगितली, आणि दिवाळीत फराळ घेऊन जाताना तो सोबत न्यायला सांगितले. मुदतीच्या आत देणेकऱ्याने सही करून लेखी कबुली दिली, तर कलम १८ नुसार त्या तारखेपासून मुदत नव्याने मोजली जाते. शेटजींनी हसत सही केली. “आपल्यात कशाला कागद, इतक्या वर्षांचा व्यवहार हाय,” असे म्हणतच केली, पण केली, आणि खाली तारीखही घातली. हे प्रकरण नीट लागले त्याचे निम्मे श्रेय मी त्या फराळाच्या डब्याला देतो.

त्यानंतर जानेवारी २०२४ मध्ये नोटीस गेली आणि ती आमच्या कल्पनेतल्या नोटिशीसारखी धमकीची नव्हती. तिच्यात सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियम, २००६ मधील तरतुदी आणि व्याजाचा तक्ता होता. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाने माल पुरवला असेल तर खरेदीदाराने लेखी कराराने ठरलेल्या दिवसापर्यंत पैसे द्यावेत, आणि तो ठरलेला काळ माल स्वीकारल्यापासून पंचेचाळीस दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. लेखी करारच नसेल तर हिशेब पंधरा दिवसांवर येतो. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ होणारे व्याज लागते. त्या वेळी बँक रेट ६.७५ टक्के होता, म्हणजे व्याजाचा दर २०.२५ टक्के. आमच्या थकबाकीवर त्या दराने व्याज दीड लाखांच्या वर जात होते. पूर्वी आम्ही आमच्या बिलांवर “उशिरा पैसे दिल्यास २४ टक्के व्याज” असे छापत होतो, जे सगळेच छापतात. समोरच्याने मान्य न केलेल्या, एकतर्फी छापलेल्या अशा ओळीवर भिस्त ठेवू नये, कायद्याने दिलेले व्याज मागावे, हे आम्हाला येथे समजले.

फेब्रुवारीत याच कायद्याखाली थकलेल्या पैशांचे वाद सोडवणाऱ्या सुविधा परिषदेकडे, जिला सगळे फॅसिलिटेशन कौन्सिल म्हणतात, समाधान या सरकारी पोर्टलवरून अर्ज केला. परिषद आधी समेट घडवण्याचा प्रयत्न करते आणि तो फसला तर लवादाकडे जाते. तिच्या निवाड्याला आव्हान द्यायचे असेल तर खरेदीदाराला आधी रकमेच्या पंचाहत्तर टक्के भरावे लागतात. पुरवठादार ज्या भागातला, तेथील परिषदेकडे प्रकरण चालते, त्यामुळे दुसऱ्या जिल्ह्याच्या न्यायालयात हेलपाटे घालण्याची भीतीही उरली नाही. परिषदेने नव्वद दिवसांत निर्णय द्यावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात किती दिवस लागतात हे सांगण्याइतका अनुभव मला मिळाला नाही, कारण अर्जाची प्रत पोचल्यावर शेटजींच्या सनदी लेखापालांचा आम्हाला फोन आला आणि मुद्दल चार हप्त्यांत मिळाले. व्याज आम्ही सोडले. ते सोडू नये असे वकील मॅडमचे मत होते, सोडावे असे मेहुण्यांचे, आणि येथे मेहुण्यांचे चालले.

हे गिऱ्हाईक मात्र आमच्या हातून गेले. त्या मिलची एकही मागणी त्यानंतर आली नाही आणि त्यांच्या दोन पाहुण्यांच्या मिलनीही दुसरीकडे काम दिले. वर्षाला सहा-सात लाखांचे काम देणारे घर होते ते. सल्ला सेवेने याची आधी कल्पना द्यायला हवी होती असे मला वाटते. कायद्याने कोणते हत्यार मिळते हे त्यांनी नेमके सांगितले. ते चालवल्यावर बाजारात काय होते, हे विचारल्याशिवाय सांगितले नाही.

चेकच्या बाबतीत त्यांची शिस्त मला सर्वांत जास्त आवडली. २०१९ मध्ये आमचा एक चेक “निधी अपुरा” म्हणून परत आला होता. देणारा ओळखीचा, त्याने दोन महिने थांबायला सांगितले, आम्ही थांबलो आणि हक्क घालवून बसलो. पराक्रम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम १३८ मध्ये तारखांचा खेळ असा आहे : चेकची मुदत तीन महिने, चेक परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत तर पुढील एका महिन्यात न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तक्रार. तीस दिवस उलटले तरी चेकची मुदत शिल्लक असेल तर तो पुन्हा भरता येतो आणि पुन्हा परत आल्यास नव्याने नोटीस देता येते. आम्ही दोन्ही मुदती घालवल्या होत्या. आता कार्यालयाने आमच्यासाठी साध्या वहीत चार रकान्यांची नोंद ठेवली आहे आणि चेक परत आला की त्याच दिवशी फोटो पाठवायचा असा नियम केला आहे. २०२४ मध्ये एक लाख पस्तीस हजारांचा चेक परत आला तेव्हा अकराव्या दिवशी स्पीड पोस्टाने नोटीस गेली. आमचे खाते ज्या बँक शाखेत आहे तेथील न्यायालयात तक्रार चालते, ही २०१५ ची दुरुस्ती आमच्यासारख्यांना वरदान आहे. परभणीच्या माणसाला लातूरला यावे लागले. प्रकरण लोकअदालतीत मिटले, तीन हप्त्यांत पूर्ण रक्कम आली. लोकअदालतीचा निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नसते, हे त्यांनी सही करण्यापूर्वी आम्हा दोघांना दोनदा समजावले. या कामाचे वेगळे पंधरा हजार घेतले. मी वसुलीच्या दहा टक्के देऊ केले होते, तेव्हा वकील साहेब चक्क रागावले, कारण निकालावर अवलंबून असलेली फी ठरवण्यास वकिलांना मनाई आहे. वसुलीत टक्का मागणारा कोणी भेटला तर ते काय समजायचे, हे वाचकांनी ठरवावे.

आमच्या रोजच्या कामात मात्र या सगळ्यापेक्षा मोठा बदल डिलिव्हरी चलानने केला. पूर्वी छोटा हत्ती भरून माल जायचा, चालक गेटवर उतरवायचा, चहा घ्यायचा आणि परत यायचा. चलानची पिवळी प्रत त्याच्या डॅशबोर्डवर उन्हाने पांढरी होत असे. लघुउद्योगांच्या वरील कायद्यात सगळी मोजणी माल स्वीकारल्याच्या दिवसापासून होते. पोचल्यापासून पंधरा दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही तर माल पोचल्याचाच दिवस स्वीकारल्याचा दिवस मानला जातो. म्हणजे तो दिवस सिद्ध करता आला नाही तर पंचेचाळीस दिवस कोठून मोजायचे हाच वाद होतो. जुन्या नऊ बिलांसाठी एक लाखावरच्या खेपांची ई-वे बिले आणि जीएसटीच्या विवरणपत्रातील नोंदी यांच्या आधारे ही उणीव कशीबशी भरून काढली. लहान खेपांसाठी तेही नव्हते. आता प्रत्येक चलानवर नाव, सही, तारीख, वेळ आणि शिक्का यांसाठी चौकट छापलेली आहे आणि सहीची प्रत आणल्याशिवाय चालकाला भाडे मिळत नाही. पहिले दोन महिने चालकांनी कुरकुर केली. मिलच्या गेटवरचे मुनीम तर अजूनही शिक्का शोधत बसतात. पण गेल्या वर्षभरात माल कधी पोचला यावरून एकही वाद झालेला नाही.

त्याच पद्धतीने फोनवरच्या मागण्यांचेही झाले. मराठवाड्यात निम्मा धंदा फोनवर चालतो आणि दर, माप, पत्र्याची जाडी सगळे तोंडी ठरते. फोन ठेवल्यावर लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर “आपल्या आजच्या फोनवरील मागणीप्रमाणे” असे सुरू करून तपशील पाठवायचा आणि समोरून “ओके” आल्याशिवाय पत्रा कापायचा नाही, असा त्यांचा आग्रह आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार असे संदेश पुरावा म्हणून द्यायचे असतील तर सोबत विहित नमुन्यातील प्रमाणपत्र लागते, म्हणून संदेश पुसू नयेत आणि फोन बदलला तरी जुना विकू नये, अशी त्यांची सूचना आहे. माझ्या कपाटात त्यामुळे दोन मेलेले फोन आहेत.

२०२४ च्या मार्च महिन्याची हकिकत सांगण्यासारखी आहे. आयकर कायद्यात कलम ४३ बी मध्ये घातलेली नवी तरतूद त्या वर्षीच्या हिशेबापासून लागू झाली. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे वर सांगितलेल्या मुदतीत दिले नाहीत, तर खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिलेल्या वर्षीच वजा मिळतो. ३१ मार्च जवळ आला तसे आमच्याकडे एरवी न येणारे धनादेश येऊ लागले. दोन गिऱ्हाइकांनी मात्र वेगळाच मार्ग काढला, त्यांनी आम्हाला उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून असलेली सरकारी नोंदणी, रद्द करा म्हणून सांगितले, नाहीतर पुढची मागणी मिळणार नाही. मेहुणे तयार झाले होते. त्या संध्याकाळी वकील मॅडमने फोनवर जे सांगितले ते एका वाक्याचे होते : नोंदणी रद्द केली की उशिराच्या व्याजाचा आणि परिषदेचा हक्कही जातो, आणि तो त्या दोन गिऱ्हाइकांपुरता न जाता सगळ्यांकडचा जातो. आम्ही नोंदणी ठेवली. त्यांतले एक गिऱ्हाईक गेले, दुसरे महिन्याभराने परत आले. नोंदणीपूर्वी पुरवलेल्या मालाला या कायद्याचा लाभ मिळतो की नाही यावर न्यायालयांत वाद झालेले आहेत, त्यामुळे नवा उद्योग सुरू करणाऱ्याने पहिला माल पाठवण्याआधीच उद्यम नोंदणी करावी, असे हे कार्यालय प्रत्येकाला सांगते. नोंदणी मोफत आहे. त्यासाठी पैसे मागणारी दुकाने शहरात आहेत, एवढे सांगून पुढे जातो. जे केवळ खरेदी-विक्री करतात त्या व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळते, पण ती अग्रक्रमाच्या कर्जापुरती. पंचेचाळीस दिवसांचे संरक्षण त्यांना नाही. गंजगोलाई बाजारपेठेतील माझ्या एका व्यापारी मित्राला हे माहीत नव्हते आणि त्याने परिषदेच्या अर्जाची तयारीही केली होती.

आता तक्रारी.

गोदामाचा भाडेकरार हे या कार्यालयाचे सर्वांत वाईट काम. जुन्या गावठाणातील एका वाड्याचा मागचा भाग आम्ही माल ठेवायला घेतला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार किंवा लीव्ह अँड लायसन्स लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, अकरा महिन्यांचा केला आणि नोटरी केली की भागते ही सर्वत्र पसरलेली समजूत चुकीची आहे, हे त्यांनी बरोबर सांगितले. नोंदणीची जबाबदारी मालकावर असते आणि ती न केल्यास त्याला शिक्षा होऊ शकते, हे सांगितल्यावर मालकही तयार झाले. मात्र मसुदा आला तो कुठल्यातरी मोठ्या शहरातील सदनिकेचा जसाच्या तसा उचललेला. त्यात “सोसायटीच्या देखभाल शुल्काची” अट होती, पाळीव प्राण्यांना मनाई होती आणि वेल्डिंग करण्यास स्पष्ट बंदी होती. पत्राकामाच्या गोदामात वेल्डिंगला बंदी! मी वाचले नसते तर सही झाली असती. बारा मसुद्यांतील एक असा निघतो, हे एकवेळ समजून घेता येईल, पण तपासणीसाठीच पैसे देणाऱ्याने तपासणाऱ्याचे तपासावे लागणे बरे नव्हे. त्याच वाड्याच्या मालकी कागदांबाबत मात्र त्यांनी चांगले काम केले. जुना दस्त निजामी काळातला, उर्दूत होता. तो वाचणारे एक वयस्कर गृहस्थ त्यांनी शोधून आणले आणि मागची भिंत कोणाच्या हद्दीत येते ते लिहून घेतले.

फोनची अडचण कायम आहे. न्यायालयाच्या वेळेत फोन लागत नाही, हे समजण्यासारखे आहे. संध्याकाळी सहानंतर कार्यालयात इतकी गर्दी असते की महिन्याची ठरलेली भेट दोन वर्षांत सात वेळा पुढे गेली. मी नोंद ठेवली आहे, ही सवय त्यांनीच लावली.

नोटिसा आणि मसुदे सुरुवातीला इंग्रजीत येत. जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे, आमच्या गिऱ्हाइकांची मराठी आहे, आमची तर आहेच. दोनदा सांगितल्यावर मराठी मसुदे सुरू झाले, आणि ते इंग्रजीपेक्षा अधिक स्पष्ट असतात, हे वकील मॅडमनीही कबूल केले.

कामगारविषयक बाबींत त्यांचा हात आखडता आहे. भविष्य निर्वाह निधीसंबंधीचा प्रश्न त्यांनी तीन आठवडे ठेवून घेतला आणि मग दुसऱ्या सल्लागाराकडे जा म्हणून सांगितले. हे पहिल्याच दिवशी सांगता आले असते. याउलट गरज नसलेली गोष्ट त्यांनी कधी गळ्यात मारली नाही. एका बाहेरच्या सल्लागाराने लैंगिक छळ प्रतिबंध कायद्याखालील अंतर्गत समितीसाठी आम्हाला बारा हजारांचे अंदाजपत्रक दिले होते. दहापेक्षा कमी कामगार असताना अशी समिती बंधनकारक नाही, तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते, हे वकील मॅडमने पाच मिनिटांत सांगितले आणि कारखान्यात त्याची माहिती मराठीत लावायला लावली.

स्टॅम्प पेपरवरील आमच्या अढळ श्रद्धेलाही त्यांनी धक्का दिला. “शंभराच्या बाँडवर लिहून घेतलंय” म्हणजे काम पक्के, असे आमच्या भागात मानले जाते. करार हा देणे-घेणे, संमती आणि हेतू यांवर उभा असतो. स्टॅम्प पेपर हा मुद्रांक शुल्क भरल्याचा पुरावा असतो आणि नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे, इतके साधे हे आहे. ऑक्टोबर २०२४ पासून अनेक दस्तांसाठी शंभर-दोनशेऐवजी किमान पाचशेचा मुद्रांक लागू लागला, तेव्हा आता करार पाचपट पक्का झाला का, असे मेहुण्यांनी गंभीरपणे विचारले होते.

सर्वांत मोठी तक्रार शेवटी ठेवली आहे. आम्हाला प्रत्येक गोष्ट लिहून घ्यायला शिकवणाऱ्या या कार्यालयाने पहिल्या वर्षी स्वतःच्या सेवेचा कसलाही लेखी कागद आम्हाला दिला नव्हता. सहा नोटिसा म्हणजे कोणत्या सहा, चेकच्या नोटिशी त्यांत येतात का, भेट त्यांच्यामुळे रद्द झाली तर ती पुढे मिळते का, यांतले काहीच ठरलेले नव्हते. मार्चमध्ये सातव्या नोटिशीचे दीड हजार मागितले, तेव्हा आमच्या मोजणीप्रमाणे ती पाचवी होती. वाद वाढला नाही, त्यांनी पैसे घेतले नाहीत. पण मी त्यांना त्यांचेच तीन प्रश्न विचारले तेव्हा वकील साहेब थोडा वेळ गप्प राहिले.

ही सेवा कोणाला परवडेल याचा अंदाज माझ्या हिशेबाने असा आहे. ज्याचा माल उधारीवर आणि गावाबाहेर जातो, ज्याची वर्षाची उधारी दहा लाखांच्या वर असते, त्याला अठरा-वीस हजार जास्त नाहीत. आम्हाला पहिल्याच वर्षी त्याच्या कितीतरी पट परत मिळाले, जरी एक मोठे घर गमावले तरी. रोखीने चालणाऱ्या दुकानदाराला मात्र वर्षाची सेवा घेण्याचे कारण मला दिसत नाही. भाडेकरार किंवा भागीदारी यांपुरता एकवेळचा सल्ला पुरे. उत्पन्न मर्यादेत असणाऱ्यांना, आणि महिला उद्योजकांना तर उत्पन्न कितीही असले तरी, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मदत मागता येते. आमच्या शेजारी पापड-शेवयांचा गट चालवणाऱ्या ताईंनी चेकच्या प्रकरणात ती घेतली आणि त्यांना मिळालेल्या वकील आमच्या वकिलांपेक्षा लवकर फोन उचलत, असे त्या सांगतात. पाचपैकी गुण द्यायचे झाले तर मी साडेतीन देईन. भाडेकराराचा अर्धा आणि फोनचा एक कापला आहे.

तिसऱ्या वर्षाची फी एकवीस हजार झाली. या वेळी जून महिन्यात त्यांच्याकडून तीन पानांचे पत्र आले. त्यात नोटिसांची व्याख्या आहे, पुढे ढकललेल्या भेटींची तरतूद आहे, आणि कामगारविषयक बाबी या सेवेत येत नाहीत असे स्पष्ट लिहिले आहे. मी ते दोन दिवस ठेवून घेतले, एक ओळ बदलून मागितली, ती बदलून मिळाली. मग तारीख घालून सही केली, पहिला हप्ता दिला आणि दुसऱ्या प्रतीवर त्यांच्याकडून पोच घेतली.